विशेष घटना : काही नाही

नारीनच्या वरच्या वळणावर पहाटे सहाला
डिझेल काकवीसारखं जड झालेलं असतं.
तोक्तोसुन तेव्हा कुणाशी बोलत नाही.
हातोडी घेतो आणि पोकलेनभोवती फिरायला लागतो.
साखळीची एकेक कडी ठोकतो :
घट्ट कडी खणकन बोलते,
सैल कडी नुसती हुंकारते.
पाइपांवरून बोट फिरवतो, बोटाचा वास घेतो.
घोडी विकत घेताना आमच्याकडे असेच फिरतात,
खूर, दात, आणि सगळ्यात शेवटी डोळे.
पण हा तर रोजच घेतो विकत,
तीच घोडी, एकवीस वर्षांची.

चढताना दोन पाय एक हात, नाहीतर दोन हात एक पाय.
उडी मारून उतरायचं नाही.
"आधी हे फक्त पुस्तकाला पटायचं," तो म्हणतो,
"आता गुडघ्यांनाही पटतं."

मी बुरुलचा.
पगारपत्रकावर माझं काम : खुणा करणे.
खरं काम म्हणजे दिसत राहणं.
मूठ वर केली की थांब,
बोट गोल फिरवलं की उचल,
आणि या सगळ्यात माझा चेहरा त्याच्या काचेत हवा.
पहिल्याच दिवशी त्यानं सांगितलं होतं,
"तू दिसत नसलीस, की मी समजतो
तू बरोबर बकेटखालीच आहेस."

एकदा धुक्यात मी बुटाची नाडी बांधायला वाकले.
वर पाहिलं तर सगळं गप्प.
मुरमानं भरलेली बकेट हवेत,
तिच्यातून एकेक खडा निसटत होता, घाई नसल्यासारखा.
मग ती हळूच जमिनीला टेकली.
लाल दांडा ओढल्याचा आवाज. इंजिन बंद.
खाली डंपरांची रांग, हॉर्नवर हॉर्न,
मुकादम अबासबेक घड्याळ दाखवत ओरडतोय.
तोक्तोसुन उतरला, दोन पाय एक हात,
चालत माझ्यापर्यंत आला, नाडीकडे पाहिलं.
"दुहेरी गाठ मार," म्हणाला.
आणि परत चढला.
अकरा मिनिटं गेली. अबासबेकनं ती मोजली होती.

पानगळीत त्याच्या बायकोचं ऑपरेशन झालं, बिश्केकला.
आठ दिवस दुसरा आला, चपळ पोरगा,
कानाला फोन, पट्टा पाठीमागे अडकवून ठेवलेला
(नाहीतर मशीन कटकट करतं म्हणे).
आला की थेट वर, किल्ली, धूर.
उतरताना उडी.
रोज दोन खेपा जास्त. अबासबेक खूश.
आठ दिवसांत काहीही झालं नाही,
अगदी काहीही.
मीसुद्धा विचारलं मनाला,
मग एवढी वर्षं ती हातोडी कशाला?

नवव्या पहाटे तोक्तोसुन परतला.
थकलेला, दाढी वाढलेली, हातात हातोडी.
डावी साखळी झाली, उजवी झाली,
मागच्या वजनाखाली तो वाकला
आणि वाकलेलाच राहिला.

वारा लागत नाही अशा त्या खोबणीत
कुणीतरी वाळकं गवत आणून पसरलं होतं.
मधोमध दबलेलं, खोल,
एका रात्रीत दबत नाही तेवढं.
लांबी पाच-सहा वर्षांच्या पोराएवढी.
बाजूला पावाचा तुकडा, अर्धा खाल्लेला.
मी दाबून पाहिला. मऊ होता.

उतारावर, मेंढपाळांच्या तंबूकडे जाणाऱ्या वाटेवर
एक पोरगा शिंगराची दोरी धरून उभा होता,
आम्ही निघून जायची वाट पाहत.

तोक्तोसुननं गवत गोळा केलं, सगळं,
आणि तंबूपर्यंत स्वतः नेऊन दिलं.
तिथे काय बोलला, मला माहीत नाही.
त्या दिवशी काम पावणेआठला सुरू झालं.

संध्याकाळी त्यानं रजिस्टर भरलं.
शेवटच्या रकान्यात, नेहमीच्या ठसठशीत अक्षरात :
विशेष घटना : काही नाही.

त्याच्या वर त्या पोराच्या आठ ओळी.
काही नाही. काही नाही. काही नाही.
अबासबेकनं पान उलटलं, सही केली.
त्याला सगळ्या ओळी सारख्याच दिसल्या.